आपल्या माणसाला कुठं टीप देतात?

सोळा वर्षं मी परक्या लोकांची अंथरुणं घातली. सकाळी घालायची, आणि लोक संध्याकाळी जेवायला गेले की पुन्हा नीट करायची. पर्यटकांना घेऊन फिरणारी जी मोठी जहाजं असतात, ज्यांना क्रूझ म्हणतात, त्यांवर मी केबिन स्टुअर्ड होतो. एका मजल्यावरच्या अठरा खोल्या माझ्याकडे असत. गाद्या, चादरी, न्हाणीघर, टॉवेल, कचऱ्याची टोपली, आणि खोलीत राहणाऱ्या माणसाचा स्वभाव, एवढं सगळं त्यात आलं.

लातूरला आता ओळखीचे लोक विचारतात, समुद्र कसा असतो? मला नीट सांगता येत नाही. माझ्या निम्म्या खोल्यांना खिडकी नव्हती आणि माझी स्वतःची झोपायची खोली पाण्याच्या पातळीखाली होती. समुद्र मी कामावरून उतरल्यावर घटकाभर पाहिला. माणसं मात्र जवळून पाहिली. त्यातही एक गोष्ट फार जवळून पाहिली, ती म्हणजे माणसं एकमेकांच्या हातात पैसे कसे ठेवतात.

हे लिहावं असं विमलबाई मला सारख्या म्हणायच्या. मी ‘बघू’ म्हणायचो. बाई गेल्या त्याला आता चार महिने झाले. लिहायला बसलो तर दिवसाला चार ओळी होतात, त्यातल्या दोन दुसऱ्या दिवशी खोडाव्या लागतात. पण आता ‘बघू’ म्हणायला समोर कोणी नाही.

बाई कोण ते सांगतो. आधी टीपेचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जहाजावर पगार असतो, पण तो थोडा. बाकीची कमाई प्रवाशांच्या टीपेतून होते. पूर्वी शेवटच्या दिवशी पाकीट द्यायची पद्धत होती. आता बहुतेक जहाजांवर प्रत्येक प्रवाशाच्या खात्याला रोज ठरावीक रक्कम लागते. तिला सर्व्हिस चार्ज म्हणतात. ती खोली झाडणारे, जेवण वाढणारे, धुलाईतले, भांडी घासणारे अशा सगळ्यांत वाटली जाते. प्रवाशाला वाटलं तर तो रिसेप्शनवर जाऊन ती काढून टाकू शकतो. कारण विचारतात, पण सांगायलाच हवं असं नाही. एका माणसाने ‘खोलीत फार वेळ मी नसतोच’ असं कारण दिलं होतं. त्याच्या न्हाणीघराची अवस्था पाहता तो दिवसभर तिथेच असावा असं आम्हाला वाटायचं.

याशिवाय कुणाला वेगळं हातात द्यायचं असेल तर ते आहेच. त्यातही रीत असते. चिल्लर उशीवर ठेवून जाऊ नये. उशीवरच्या पैशांना आम्ही हात लावत नाही, विसरलेले असतील तर चोरी ठरते. पहिल्याच दिवशी नोट दाखवून ‘लक्ष ठेव हं’ म्हणू नये. आम्ही लक्ष ठेवतोच, पण मग मन लागत नाही. आणि द्यायचं असेल तर नाव घेऊन द्यावं. छातीवर नावाची पट्टी असते, ती वाचायला क्षणभर लागतो. ज्यांनी माझं नाव वाचून दिलं त्यांचे चेहरे मला अजून आठवतात, रक्कम आठवत नाही.

घ्यायचीही रीत असते. ती मला येत नव्हती. आमच्याकडे पाहुणा निघताना पोराच्या हातात नोट कोंबतो, तेव्हा पोराने ‘नको, नको’ म्हणायचं असतं. आई मागून ‘कशाला वो, राहू द्या’ म्हणते. पुन्हा नोट, पुन्हा नको. तिसऱ्यांदा घ्यायची. पहिल्याच वेळी घेतली तर पोराला वळण नाही. माझ्या पहिल्या सफरीच्या शेवटी एका गोऱ्या आजीबाईंनी पाकीट पुढे केलं. मी हात मागे घेतला आणि नम्रपणे म्हणालो, नको, नको. त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, ‘तुमच्या भावनेचा मी आदर करते’ म्हणाल्या आणि पाकीट पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली. मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत दारात उभा. त्या लिफ्टने खाली गेल्यासुद्धा.

माझा जोडीदार वायान ट्रॉलीला टेकून पोट धरून हसला. वायान इंडोनेशियाचा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, कानाजवळ केस पिकलेले. माझं नाव ज्ञानोबा, जहाजावर त्याचं ग्यान झालं. ग्यान आणि वायान. प्रवासी आम्हाला भाऊच समजायचे. अठरा खोल्या आम्ही दोघं मिळून करायचो आणि त्या खोल्यांमागे आमच्या वाट्याला जे येई ते निम्मं निम्मं. गावाकडे त्याचं घर बांधणं चालू होतं. भिंती झाल्या होत्या, छत राहिलं होतं. सुट्टी संपवून नव्या करारावर आला की दर वेळी तो मला त्याच भिंतींचे नवे फोटो दाखवायचा.

आता बाई.

बारा-तेरा वर्षांपूर्वी सिंगापूरहून निघणाऱ्या पाच रात्रींच्या एका सफरीत माझ्या अठरापैकी अकरा खोल्या एकाच टूर कंपनीच्या गटाला दिलेल्या होत्या. मी ट्रॉली घेऊन बोळात आलो तर कुणीतरी बाई मोठ्याने म्हणत होती, “अगं, हितं ताट न्हाई, तांब्या न्हाई, गरम पानी कुटून घ्यायचं?”

ती भाषा मी सात महिन्यांनी ऐकत होतो. तोंडातून आपोआप निघालं, “मावशी, मी आणून देतो की.”

मग अकरा दारांतून बावीस माणसं बाहेर आली असं मला वाटलं. नांदेड, लातूर, उदगीर, चाकूर. निवृत्त शिक्षक, दुकानदार, त्यांच्या बायका. माझ्याभोवती गोल करून उभे.

“कुटला रं तू?”

“चाकूरजवळचा.”

गर्दीतून एक उंच गृहस्थ पुढे आले. पांढरी टोपी, पायात नवे कोरे बूट. हे तात्या. चाकूरला त्यांचं बी-खताचं दुकान. “चाकूरजवळ म्हंजी कुटं? नाव काय बापाचं?”

मी सांगितलं.

“बाबुरावचा लेक हाईस? आरं, तुझा बाप माझ्याकडनं बियाणं नेतो! पर त्यो तर सांगतो, पोरगं जहाजावर मॅनेजर हाय म्हणून.”

ते मीच बापाला सांगितलेलं होतं. आमचं घर खातंपितं, स्वतःची जमीन. चुलत्यांनी बारशाला मोठी जेवणं घातलेली. त्या घरचा पोरगा लोकांच्या चादरी झटकतो हे सांगायला जीभ वळली नव्हती. आता माझ्या हातात टॉयलेटचा ब्रश होता. तो मी पाठीमागे धरला आणि म्हणालो, “हाव तात्या, मॅनेजरच. खालच्या लोकांकडे बघायला मधूनमधून यावं लागतं.”

“पगार?”

“लई हाय. काही कमी न्हाई. ह्या टिपाबिपा असतात ना, त्याची आपल्याला गरज नसते.”

ही माझी चूक. कुणी विचारलेलं नव्हतं आणि मी सांगून टाकलं.

त्यांच्या दृष्टीने पुढचं सगळं बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी तात्यांनी एका कागदावर अकरा खोल्यांचे नंबर लिहिले, टूर कंपनीच्या माणसाला बरोबर घेतलं आणि रिसेप्शनवर जाऊन सगळ्यांचा सर्व्हिस चार्ज काढायला लावला. येऊन मला अभिमानाने सांगितलं, “बक्षिशीचं काढून टाकलं बरं का. आपल्या माणसाला कुटं बक्षिशी देतात? शोभतंय का? तू घरचा. तुला आमी आहेर करू.” मग माझ्या हातात शेंगदाण्याचे चार लाडू ठेवले.

संध्याकाळी सुपरवायझरने यादी दाखवली. अठरातल्या अकरा खोल्यांपुढे शून्य. अशी यादी आली की जहाजावर दुसरीही शंका घेतात, काम वाईट केलं असेल. सुपरवायझर माझ्याकडे पाहत राहिला. वायानने यादी वाचली.

“तुझे लोक?” त्याने विचारलं.

“हो.”

“चांगले लोक आहेत,” तो म्हणाला. “मलाही लाडू दिला.”

तो ट्रॉली ढकलत पुढे गेला. त्याला खरं सांगावं एवढंही माझ्याने झालं नाही. त्या पाच रात्रींची त्याची निम्म्याहून जास्त कमाई माझ्या एका वाक्याने गेली होती. मी मनाशी म्हणत होतो, तात्यांना सांगितलं तर परवा चाकूरच्या बाजारात सगळ्यांना कळेल. नाही सांगितलं तर फक्त वायानचं जाईल. ‘फक्त’ हा शब्द मी तेव्हा मनात वापरला होता, हे लिहून ठेवतो.

विमलबाई त्याच गटात होत्या. भोकरजवळच्या शाळांमध्ये आयुष्यभर शिकवून नांदेडला राहायला आलेल्या. सत्तरीच्या आसपास, किरकोळ अंगाच्या, एकट्या. बाकीचे बुफेत असताना त्या खोलीत बसून जहाजाने दिलेला प्रत्येक कागद वाचत. आगीच्या सूचनाही त्यांनी पूर्ण वाचल्या होत्या आणि त्यातली एक चूक मला दाखवली होती.

तिसऱ्या दिवशी मी खोली करायला गेलो तर त्या चष्मा लावून खुर्चीत.

“ज्ञानोबा, इकडे ये. हे वाच.”

सर्व्हिस चार्जबद्दलचा छापील कागद होता.

“वाचलंय बाई.”

“मोठ्याने वाच.”

मी वाचलं. ही रक्कम आपली खोली स्वच्छ करणाऱ्या व आपल्याला सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये वाटली जाते, वगैरे.

“यात तुझा वाटा किती?”

“ते काही विशेष नाही, बाई.”

“मी किती विचारलं. विशेष आहे का ते नाही विचारलं.”

मी कागद टेबलावर ठेवला.

“मॅनेजर माणूस माझं न्हाणीघर गुडघ्यावर बसून घासतो का? मी काल पाहिलं तुला. दार उघडं होतं.”

मी चादरीचा कोपरा नीट करू लागलो. तो नीटच होता.

“तुझं जाऊ दे. तू घरचा श्रीमंत आहेस,” बाई म्हणाल्या. “तुझ्याबरोबरचा तो पिकल्या केसांचा पाहुणा, त्याचं काय?”

तेव्हा मला बोलावं लागलं. निम्मं निम्मं, घर, छत, यादीवरचे शून्य, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “बाई, तुम्हीच तात्यांना समजावून सांगा.”

“मी नाही सांगत. खोटं तू बोललास.”

“बाई, गावात कळेल.”

“हो. कळेल.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “चार वाजता सगळे वरच्या डेकवर चहाला बसतात. मी तिथे असेन.”

प्रवाशांत जाऊन बसायची आम्हाला परवानगी नसते. मी सुपरवायझरकडे पाच मिनिटं मागितली. त्याला वाटलं, मी भांडायला चाललो. वर गेलो तर डेकच्या कोपऱ्यात सगळा गट, मधोमध चिवड्याचा डबा उघडा.

“ये, ये, मॅनेजरसाहेब!” तात्यांनी हाक मारली. “चिवडा घे.”

मी उभाच राहिलो. “तात्या, मी मॅनेजर नाही. खोल्या झाडतो. पगार थोडा आहे. बाकीचं तुमच्या खात्याला रोज लागतं त्यातून मिळतं. तुम्ही ते काढलंत. त्यातला खोल्यांचा वाटा निम्मा माझा होता, निम्मा माझ्या जोडीदाराचा.”

तात्यांचा हात डब्यातच थांबला.

“म्हंजी... तू बक्षिशीवर हाईस?”

मागून एक मावशी हळू म्हणाली, “आगं बाई, बाबुरावच्या घरचं पोरगं.” ती दयेने म्हणाली. ती दयाच मला जास्त लागली.

बाईंनी तेव्हा एकच प्रश्न विचारला. “तात्या, तुमच्या दुकानावर पोती उतरवायला येतात ते गावातलेच ना?”

“हाव. आपलेच.”

“मग त्यांना हमाली देता का न्हाई?”

“हमाली येगळी, बाई. ती हक्काची असती. आपला हाय म्हणून बुडवत न्हाईत.” तात्या बोलता बोलता थांबले. मग माझ्याकडे बघून अवघडून म्हणाले, “पर ह्याला हमाल कसं म्हनावं वो? बाबुरावचा लेक हाय.”

मी म्हणालो, “म्हणा तात्या. हमालच हाय मी.”

मग तात्या उठले, टोपी सारखी केली, खिशातून तोच नंबरांचा कागद काढला आणि टूर कंपनीच्या माणसाला म्हणाले, “चल. परत लावायचं म्हण.” तो म्हणाला, काका, सारखं सारखं काढा-लावा करता येत नाही. तात्या म्हणाले, “आपन बोलून तर बघू. तिथंबी मानसंच बसलीत.”

त्या संध्याकाळी मी वायानला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझा बाप खरंच समजतो तू मॅनेजर आहेस?” मी हो म्हणालो. तो म्हणाला, “माझ्या बायकोला वाटतं मी कॅप्टनच्या शेजारी राहतो.”

नव्या यादीत अकरापैकी नऊ खोल्यांचे पैसे परत लागले. दोन खोल्यांचे नाही. त्या कोणाच्या हे मला माहीत आहे आणि ती माणसं वाईट नव्हती. एकाने तर मला स्वतःचं स्वेटर देऊ केलं होतं.

आहेरही झालाच. उतरायच्या सकाळी बाईंच्या खोलीत जहाजाचीच घोंगडी चौघडी करून खाली अंथरली. मला बसवलं. कुंकू लावलं, टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर. मी उठलो तशा बाई म्हणाल्या, “त्या पाहुण्यालाही बसवा.” टोपी एकच आणलेली. तात्यांनी क्षणभर विचार केला आणि आपल्या डोक्यावरची काढून वायानच्या डोक्यावर ठेवली. तात्यांचं टक्कल गावाने तोवर पाहिलेलं नव्हतं म्हणतात. वायान त्या टोपीत चाकूरच्या सोसायटीचा चेअरमन दिसत होता.

निघताना बाईंनी नांदेडचा पत्ता लिहून दिला. “सुट्टीवर आलास की ये.”

मी गेलो नाही. त्यांच्यावर मला राग होता. मी भ्यालो होतो तसंच झालं होतं, चाकूरभर कळलं होतं. तात्यांनी वाईट हेतूने सांगितलं नाही. ‘पोरगं कष्टाचं खातंय’ असंच ते म्हणत होते, पण प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत होते. सुट्टीवर घरी पोचलो तर वडील ओसरीवर बसलेले. पाणी पिऊन झालं. मग म्हणाले, “तिकडं लोकाची अंथरुनं घालतोस म्हन.”

“हाव.”

“हितं आईला कदी घातलं न्हाईस.”

एवढंच. त्या संध्याकाळी मी आईचं अंथरूण घातलं, जहाजावरच्यासारखे कोपरे दुमडून. आई म्हणाली, लई ताठ झालंय रं, झोपू कसं? वडील तोंड फिरवून हसले. माझ्या नोकरीबद्दल घरात झालेलं बोलणं ते इतकंच. पण पुढच्या सुट्टीत कुणी विचारलं की वडील सांगायचे, जहाजावर खोल्या बघतो.

राग तरी गेला नाही. दोन वर्षं राहिला. मग गावच्या पत्त्यावर टपालाने एक पुस्तक आलं. आत चिठ्ठी होती, ‘वाचून झालं की आणून दे. पोस्टाने पाठवू नकोस.’ मी नांदेडला गेलो ते पुस्तक परत द्यायला, आणि येताना चार घेऊन आलो. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत हेच. करारावर जाताना माझ्या बॅगेत बाईंची पुस्तकं असत. पाण्याखालच्या त्या खोलीत, बिछान्यापुरत्या दिव्यात मी जे वाचलं ते कॉलेजात वाचलं नव्हतं. परत गेलो की त्या परीक्षाच घ्यायच्या. “नुसतं फिरवून आणलंस का? कोरं दिसतंय.” मग चहा. मग माझ्या खोल्यांतल्या माणसांच्या गोष्टी. त्या गोष्टी सांगता सांगता मला त्या माणसांचा राग येईनासा झाला. नोकरीची पुढची वर्षं मी हलकी काढली, ती बाईंमुळे.

या हिवाळ्यात शेवटचा गेलो तेव्हा त्या पलंगावरच होत्या. पुस्तकाच्या कपाटाकडे हाताने खूण करून म्हणाल्या, “तूच काढ आता.” मी काढत असताना मागून विचारलं, “त्या दिवशी डेकवर तुला उभं केलं. राग आला होता ना?”

हे त्यांनी आधीही दोन-तीनदा विचारलं होतं. मी दर वेळी ‘छे, बाई’ म्हणालो होतो. या वेळी खरं सांगितलं. “आला होता. दोन वर्षं होता.”

“माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर पुस्तक पाठवलं.”

मग आम्ही दोघंही हसलो. त्यांना खोकला आला, मी पाणी दिलं, उशी सारखी केली. माझे हात त्या कामाला सरावलेले. “छान करतोस,” त्या म्हणाल्या. मी पुस्तकं पिशवीत घातली आणि येतो म्हणून निघालो.

आभार मानायचे राहिले. सोळा वर्षं मी दिवसातून शंभरदा, ओळखपाळख नसलेल्यांना, दार धरल्याबद्दलसुद्धा ‘थँक यू’ म्हणालो. बाईंना एकदाही नाही. त्या आपलं माणूस, त्यांचे कसले आभार मानायचे, असं मला खरोखर वाटत होतं. तात्यांनाही माझ्याबद्दल खरोखर तसंच वाटलं होतं.